कुंकू कोणी पुसलं, ते वाक्यात येऊ द्या

प्रश्न: माझं वय ५१, शिक्षण सातवी. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात मला मांडवामागच्या खोलीत बसवलं, अक्षता टाकायलाही बोलावलं नाही. त्या रात्रीपासून मी वहीत लिहायला लागले. दोनशे पानी वहीची साठेक पानं भरली आहेत. त्यांतली पंचेचाळीस मिस्टरांचा आजार, दवाखाना, त्यांचा स्वभाव यांचीच आहेत. मुलीने वाचलं आणि रडली. म्हणाली, आई, याचं पुस्तक कर. दिरांच्या कानावर गेलं तर ते म्हणाले, घरची लक्तरं वेशीवर टांगू नका. मी पुन्हा वाचते तेव्हा मला स्वतःलाच ते रडगाणं वाटतं. मी लिहावं का आणि कसं? फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. पहिली हळद मी लावावी असा तिचा हट्ट आहे, पण माझा जीव धजत नाही. चार पानं सोबत पाठवते आहे.
– एक आई, कराड तालुका

उत्तर:

ताई, नमस्कार.

लिहावं का, हे तुम्ही साठ पानं लिहून झाल्यावर विचारताय. त्याचं उत्तर तुमच्या हाताने आधीच दिलं आहे. म्हणून कसं लिहावं इथूनच सुरुवात करू. हळदीचं नंतर बोलू.

तुमच्या पहिल्या पानावर ही वाक्यं आहेत: ‘माझे कुंकू पुसण्यात आले. बांगड्या फोडण्यात आल्या. मला आतल्या खोलीत बसवण्यात आले. आपल्यात पद्धतच आहे.’ चार वाक्यं झाली आणि त्यांत तुमच्याशिवाय एकही माणूस दिसत नाही. कुंकू कोणी पुसलं? पदराने की ओल्या फडक्याने? खोलीचं दार कोणी लोटलं? तुम्ही काही म्हणालात का, आणि म्हणालात तर ते कोणी ऐकलं? यातलं काहीच पानावर नाही. वाचणाऱ्याला बघायला उरतात फक्त तुमचे डोळे. म्हणून ते रडगाणं वाटतं. दुःख जास्त झालं म्हणून नव्हे, माणसं कमी पडली म्हणून.

मराठीत ही पळवाट फार सोपी आहे. ‘केलं जातं’, ‘करावं लागतं’, ‘बसवतात’, ‘तसं असतं’, असं म्हणत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. शाळेतला निबंध आणि कचेरीतला अर्ज यांतून ही सवय आपल्या सगळ्यांच्याच हाताला लागली आहे. एरवी तिने फारसं बिघडत नाही. पण नवरा गेलेल्या बाईच्या बाबतीत ‘पद्धत आहे’ हे वाक्यच त्या दिवशीचं हत्यार असतं. ते वापरणाऱ्याला स्वतःचं नाव लावावं लागत नाही. तुम्ही वहीतही तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलंत, तर त्यांचं काम तुम्हीच पुढे नेल्यासारखं होईल.

आता तिसऱ्या पानाच्या तळाशी या. तिथे तुम्ही लिहिलंय: ‘मधल्या जाऊबाईंनी बांगड्या फोडताना मला काच लागू नये म्हणून माझ्या मनगटाखाली आपला तळहात धरला. त्यांच्या हातातून रक्त आले. कोणी बघितले नाही.’ ताई, तुमचं लिखाण इथून सुरू होतं. बांगड्या फोडणारी तीच आणि हात खाली धरणारीही तीच. तुम्ही तिला ना शिव्या घातल्या ना देवी केलं; तिचा हात दाखवलात आणि थांबलात. हे वाक्य घाईघाईने तळाशी का कोंबलं ते कळत नाही. ते नव्या पानावर घ्या आणि त्याच्या आगेमागे काय घडलं ते लिहा.

साठच्या साठ पानं परत लिहू नका, त्यात जीव थकेल. वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि जिथे जिथे ‘आले’, ‘गेले’, ‘लागले’, ‘पद्धत’, ‘समाज’, ‘लोक’ हे शब्द क्रिया करताना दिसतील, त्यांच्याखाली रेघ ओढा. मग प्रत्येक रेघेला तीन गोष्टी विचारा: कोणी, कशाने, आणि त्या वेळी तोंडातून कोणते शब्द निघाले. ज्यांची उत्तरं आठवतील तीच वाक्यं बदला. नाव आठवत नसेल तर ‘कोणीतरी माझ्या कपाळावरून ओलं फडकं फिरवलं, डोळे मिटलेले असल्याने हात कोणाचा ते दिसलं नाही’ असं सरळ लिहा. न आठवणं हीसुद्धा खरी माहिती आहे, ती कल्पनेने भरू नका.

बोललेले शब्द मात्र होते तसेच हवेत. ‘त्यांनी मला खूप वाईट बोलले’ यातून काही कळत नाही. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणाले की ‘आता तुम्ही मागे सरा’ म्हणाले, यात फरक आहे. पहिल्यात शिवी आहे. दुसऱ्यात आदर राखून बाजूला सारणं आहे आणि आजकाल तेच जास्त चालतं. तुमच्या गावची बोली तशीच ठेवा. पुस्तकी मराठी करायला गेलात की सगळ्या सासवा एकाच आवाजात बोलायला लागतात.

हात कोणाचे होते हे लिहायला लागलात की एक गोष्ट तुमच्याच ध्यानात येईल. त्यांतले बरेचसे बायकांचे होते आणि त्यांतल्या काहींचं कपाळही रिकामं होतं. चुलतसासूबाईंबद्दल तुम्ही दोन पानं रागाने लिहिलीत. त्या स्वतः तिशीच्या आत विधवा झाल्या हे एका ओळीत उरकलंत. राग खोटा नाही, तो राहू द्या. पण त्यांच्या वेळी त्यांच्यासोबत काय झालं, ते त्या हयात आहेत तोवर विचारून घ्या. सांगतील की नाही सांगता येत नाही. दुपारी गहू निवडताना, शेंगा फोडताना विचारलंत तर सांगण्याची शक्यता जास्त, समोर वही उघडून बसलात तर कमी.

तुमच्याआधी हे काम ज्यांनी केलं, त्यांच्याकडून नेमकं काय उचलायचं तेही पाहू. देवरूखच्या जोशी घराण्यातल्या दोन सख्ख्या बहिणी. एक गोदूबाई. लहानपणीच लग्न झालं, काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, त्याच्या त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या, लोकांच्या बाया कर्वे. दुसरी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत विधवा, पदरात एक मुलगा. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. कर्व्यांच्या संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. केशवपन झालेल्या अवस्थेत अनेक वर्षं काढल्यावर विचार करून केस वाढवले, आणि पुढे अमेरिकेत जाऊन घरकाम करत इंग्रजी शिकण्याची धडपड केली. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आली, बायांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये. एकाच घरातल्या दोघी, दोघींचं नशीब एकच आणि वाटा दोन. विधवेची म्हणून एकच ठरलेली कथा असते हा समज या दोन पुस्तकांनी मोडतो. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, मिळाली तर दोन्ही लागोपाठ वाचा.

तिसरं नाव रमाबाई रानड्यांचं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० चं, मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मकथनांपैकी एक आणि फार सुंदर. पण ते न्यायमूर्ती रानड्यांच्या मृत्यूपाशी, म्हणजे १९०१ पाशी थांबतं. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षं जगल्या, पुण्यात सेवासदन उभं केलं, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटल्या. ते त्या पुस्तकात नाही. हा त्यांचा दोष म्हणून सांगत नाही. काळ तसा होता आणि नवऱ्याच्या आठवणी सांगणं हीच बाईला लिहिण्याची मिळालेली परवानगी होती. तुमच्या वहीला मात्र हाच धोका आहे. साठ पानांपैकी पंचेचाळीस पानं मिस्टरांचा आजार, दवाखाना, त्यांचा स्वभाव यांनी भरल्याचं तुम्हीच पत्रात लिहिलंय. ती पानं ठेवा. पण पुढची सहा वर्षं कुठे आहेत? पहिला संक्रांतीचा दिवस, गल्लीत हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरणारी पोर तुमच्या दारावरून पुढे गेली तो क्षण? पहिल्यांदा बँकेत एकट्या गेलात तो दिवस? वटपौर्णिमेला वडाकडे जाणाऱ्या बायका दिसतात म्हणून कोणतं दार लावून घेता? आणि, हे लिहायला सगळ्यांत जड जाईल, एकटेपणात काही बरंही वाटलं का? कोणाला न विचारता चहा ठेवणं, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवणं? हे लिहिणं म्हणजे गेलेल्या माणसाशी बेइमानी, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही.

आणखी एक चूक तुमच्या चौथ्या पानावर आहे. ‘आम्हा विधवांचे मुंडण करून आलवण नेसवत असत’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या घरात हे कधी होतं का? केशवपन आणि आलवण, म्हणजे विधवेला नेसवायचं लाल लुगडं, हे मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचा कित्ता गिरवणाऱ्या जातींत होतं. बहुजन समाजातल्या कितीतरी जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या संसाराची रीत होती. पुढे जी घरं तालेवार झाली किंवा उच्चकुळी म्हणवून घेऊ लागली, त्यांनी प्रतिष्ठेपायी पाट सोडला. तारखा सांगणारं कोणी भेटणार नाही. पण ‘आपल्या घरात शेवटचा पाट कोणाचा लागला आणि नंतर का बंद झाला’ हे थोरल्या बायकांना विचारा. उत्तर मिळालं तर त्या एका पानाचं मोल दहा ऐकीव पानांपेक्षा जास्त होईल. विधवेचं जे दुःख आपल्या जातीत, आपल्या घरात नव्हतं ते उसनं आणू नका. वाचणारे लगेच ओळखतात आणि मग खऱ्या पानांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, मराठा घरातल्या. निमित्त होतं सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेच्या खटल्याचं, पण त्यांनी बोट ठेवलं ते सगळ्याच पुरुषांच्या वागण्यावर.

आता वहीच्या रोजच्या कामाचं.

उजव्या पानावर लिहा, डावं कोरं सोडा. नंतर आठवलेलं, कोणी दुरुस्त केलेलं आणि मुलीचे प्रश्न डाव्या पानावर जातील. मजकुरात खाडाखोड होणार नाही. प्रत्येक वेळी वर तारीख घाला. बसायचं ते चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. एवढ्या वेळात दोन-अडीच पानं होतात. त्याहून जास्त बसलात तर त्या दिवसाचं दुःख रात्रभर अंगावर राहतं आणि पुढचे चार दिवस वही उघडवत नाही. बहुतेकींचं लिखाण बंद पडतं ते यामुळे, वेळ नाही म्हणून नव्हे. तेराव्यापर्यंतच्या दिवसांबद्दल लिहिताना तर आठवड्यातून दोनदाच बसा, आणि उठल्यावर हाताला लगेच काहीतरी काम असू द्या.

लिहिताना हात अडखळत असेल तर बोला. फोनमधल्या रेकॉर्डरवर दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. सलग तासभर करू नका. लांब फाइल ऐकून उतरवायला कोणाचाच धीर टिकत नाही. एक तास बोललेलं कागदावर यायला चार ते सहा तास लागतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. बोलून सांगितलेलं आत्मकथन कमअस्सल असतं असं मुळीच नाही. बायांच्या ‘माझे पुराण’चं संपादन कर्वे घरातल्याच कावेरी कर्वे यांनी केलं, पण आवाज बायांचाच राहिला. उतरवून घेणारीने एक नेम पाळावा: तुमचा शब्द बदलायचा तर तुम्हाला विचारून. ‘पोटात गोळा आला’ याचं ‘मी अस्वस्थ झाले’ करू देऊ नका.

साठही पानांचे फोटो आजच काढा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, एका फोटोत एकच पान. ते मुलीच्या फोनवर पाठवा, शिवाय घराबाहेरच्या एका विश्वासाच्या बाईकडे. वह्या चुलीत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. प्रत बाहेर आहे हे माहीत असलं की सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

तारखांसाठी कागद काढा. मृत्यूचा दाखला, दवाखान्याची बिलं, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार. हे शेवटचे दोन नीट बघा. वारस नोंदीत तुमचं नाव आहे का? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या हिश्श्यावर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क असतो, आणि कलम १४ मुळे तुम्हाला मिळालेलं तुमच्या पूर्ण मालकीचं होतं. बाईने पुन्हा लग्न केलं तरी ते जात नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली होती, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेली मिळकत काढून घेण्याची तरतूदही त्यातच होती. बाईला आत बसवण्याचा आणि जमिनीचा संबंध इतका जुना आहे. तेराव्याच्या गर्दीत, डोळे सुजलेले असताना, ‘इथे सही करा’ म्हणून कागद पुढे आला असेल तर तो कोणता होता ते शोधा. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही. दुय्यम निबंधकाकडे त्याची नक्कल मिळते. दिरांवर आम्ही काही आरोप करत नाही. पण घरची अब्रू म्हणून एखादी गोष्ट झाकायला सांगतात तेव्हा सातबारा बघून घेणं शहाणपणाचं.

दिरांच्या बोलण्यातला एक भाग मात्र विचारात घेण्यासारखा आहे, तो कायद्याचा. वहीत काहीही लिहा, तिथे कोणाचा अधिकार नाही. छापताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामीचं, लक्षात ठेवा. ‘खरं आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही. ते सांगण्यात लोकहित आहे हेही दाखवावं लागतं. मेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलंही, त्याच्या घरच्यांना दुखवण्याच्या हेतूने असेल तर, यात येऊ शकतं. नाव बदलून भागत नाही, कारण ‘थोरले दीर’ म्हटलं की अख्खं गाव ओळखतं. उपाय असा: तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं लिहा, आणि समोरच्याच्या मनात काय होतं ते लिहू नका. ‘त्यांनी मला मुलाच्या लग्नात खोलीत बसायला सांगितलं’ हे घडलेलं आहे. ‘माझा अपमान करायचं त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं’ हा तुमचा तर्क आहे. लिहायचाच तर ‘मला त्या वेळी असं वाटलं’ म्हणून लिहा. गंमत अशी की कायद्याला जे चालतं तेच लिखाणालाही मानवतं.

शेजारणीची गोष्ट तिच्या परवानगीवाचून छापू नका, वहीत असली तरी. कोणाची जुनी पत्रं असतील तर कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाराचा. दुसऱ्याचं पत्र जसंच्या तसं छापायला त्याला विचारावं लागतं, त्यात काय होतं ते आपल्या शब्दांत सांगायला हरकत नाही.

छापण्याची घाई लग्नाआधी करू नका. लग्न आणि वही एकत्र आली की दोन्हीचा कोंडमारा होईल. उन्हाळ्यात एक प्रसंग, दीड ते अडीच हजार शब्दांचा, स्वच्छ लिहून दिवाळी अंकांकडे पाठवा. पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पोचलेला बरा. पूर्ण वही झाली की दहा-पंधरा झेरॉक्स प्रती स्पायरल करून ज्यांचं मत हवं त्यांना द्या. ‘पैसे भरा, पाचशे प्रती काढून देतो’ म्हणणाऱ्याला इतक्यात हो म्हणू नका. त्या प्रती घरातच पडून राहतात. करार होईल तेव्हा लेखिका म्हणून तुमचं नाव आणि कॉपीराइट तुमच्याकडे, हे दोन मुद्दे वाचून मगच सही करा. शब्दांकन कोणीही केलं तरी.

आता हळद.

तुमचा जीव धजत नाही म्हणता. कशाला, ते पत्रात नाही, पण अंदाज येतो. लोक त्या दिवशी काय बोलतील याची भीती दोन तासांची असते. खरी भीती पुढची आहे: उद्या पोरीच्या संसारात काही उणं-अधिक झालं तर ‘आईने हळद लावली म्हणून’ असं म्हणतील, आणि कदाचित तुमच्याही मनात तेच येईल. हे मुलीसमोर याच शब्दांत बोलून टाका. तिचं उत्तर तिच्याकडून ऐका. मग ठरवा. हळद लावायची नाही असं तुमचं ठरलं तर त्यात हार नाही. मुलीच्या हट्टापायी थरथरत्या हाताने लावण्यापेक्षा ते बरं. पण लावायची ठरली तर आयत्या वेळी धक्का देऊ नका. अचानक पुढे झालात की एखादी मावशी तुमचा हात धरून मागे ओढते, तिच्या मनात काही नसतानाही, केवळ सवयीने, आणि मग सगळ्यांसमोर ते परत लावता येत नाही.

म्हणून आत्ताच, पत्रिका छापायच्या आधी, तीन माणसांशी बोला. पहिली विहीणबाई. मुलाकडून निरोप नको, तुम्ही आणि मुलगी समोरासमोर. ‘विचारायला आले’ असं म्हणू नका, ‘सांगायला आले’ म्हणा. दुसरे गुरुजी, सुपारी देतानाच. कन्यादान तुम्ही करणार असाल तर तेही तेव्हाच सांगा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही, तेव्हा ते कोणी केलं यावर लग्न अडत नाही. गुरुजी कां-कूं करू लागले तर दुसरे बघायला वेळ हाताशी राहतो. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलं आहे, तेव्हा पर्याय नाही असं नाही. तिसरी व्यक्ती कोण ते शेवटी सांगते.

पत्रिकेत तुमच्या नावामागे ‘गं. भा.’ येणार नाही हे स्वतः प्रूफ बघून ठरवा. छापखान्यात जुना मजकूर तसाच असतो, कोणी मुद्दाम करतं असंही नाही. ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी कागदांत आणण्याची सूचना एप्रिल २०२३ मध्ये झाली तेव्हा बायकांनी त्याला जोरदार विरोध केला होता, कारण नदीचं नाव दिलं तरी कपाळ बघूनच हाक मारणं झालं. त्याजागी नुसतं ‘श्रीमती’ घालूनही भागत नाही. आजूबाजूला सगळ्या ‘सौ.’ असतील तर श्रीमतीचा अर्थ गाव बरोबर लावतं. सगळ्यांच्याच नावामागचं काढून टाका. नुसती नावं. पत्रिका छान दिसते.

वडीलधाऱ्यांना दाखवायला कागद हवा असेल तर तोही आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला: पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या ग्रामपंचायतीने तसा ठराव केला आहे का, ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारा; टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ठराव म्हणजे कायदा नव्हे, तो मोडला म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. पण ‘आपल्या गावात असलं चालत नाही’ म्हणणाऱ्यापुढे गावाचाच शिक्का ठेवता येतो. आणि हेरवाडच्या लोकांनी ‘अनिष्ट रूढी बंद’ एवढं मोघम म्हणून सोडून दिलं नाही, क्रिया एकेक करून मोजल्या, हे तुमच्या वहीसाठीही बघण्यासारखं आहे.

हळदीच्या दिवशी ‘पाच सवाष्णी’ मोजणं आधीच बंद करा, म्हणजे तुम्ही सहाव्या, वेगळ्या ठरणार नाही. हळदीचं ताट मुलीच्या हातात द्या आणि तिने ज्या क्रमाने बोलवावं तो क्रम. पहिलं नाव ती तुमचं घेईल. कोणी काही म्हणालंच तर वाद घालू नका, समजावू नका. ‘माझ्या लेकीची हळद आहे’ एवढंच बोला आणि हात पुढे करा. चुलतसासूबाईंनाही बोलवा. त्या येतील की नाही, त्यांची मर्जी. पण नाव घेतलं जाऊ द्या.

आणि ती तिसरी व्यक्ती म्हणजे तुमच्या मधल्या जाऊबाई. त्या दिवशी तुमच्या बाजूला उभ्या राहायला त्यांना सांगा. पण त्याआधी एखाद्या दुपारी ते तिसरं पान त्यांना वाचून दाखवा. त्यांना तो दिवस वेगळा आठवत असेल, बांगड्या त्यांनीच फोडाव्यात असं त्यांना कोणी सांगितलं हे त्यांनाच माहीत असेल. तळहातावर व्रण राहिलाय का तेही बघा. त्या जे सांगतील ते डाव्या कोऱ्या पानावर, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.